कुंपणाचा जोडीदार

१९ ऑक्टोबर

नाही, काही झालेलं नाही मला. तोंड असं का केलंय म्हणे! तोंड माझं जन्मापासून असंच आहे, एल्मर ब्रेक्के, तुला ते दिसायला आजचा दिवस उजाडला होय? एवढं बोलले आणि कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं. आपटलं नाही. ठेवलं.

झालं असं, की तो शेजारून आला, टोपी काढली, ओल्या बुटांनी माझ्या स्वयंपाकघरात उभा राहिला आणि छताकडे बघत म्हणाला, "पोस्टात ती नवी बाई आलीय ना, डेल्फीन. तिच्याकडे तिच्या बापाची रायफल आहे. आपल्यासारखीच जुनी, खाली लिव्हरचा दांडा असलेली. तिला यंदा शिकारीला यायचंय."

"मग येऊ दे की. डोंगर काय माझ्या बापाचा आहे?"

"तिला धरायची कशी तेच माहीत नाही. तू शिकव."

"तू शिकव. तुला हात नाहीत?"

"हात आहेत गं. तोंड नाही." हे मात्र खरं बोलला. "आणि तुझ्याइतकी सांभाळून रायफल या खोऱ्यात कोणी नेत नाही. हाल्वोरसुद्धा म्हणायचा."

आता गेलेल्या नवऱ्याचं नाव मधे आणल्यावर बाईनं काय बोलायचं? शिकवीन म्हणाले. तर जाताजाता म्हणतो कसा, "तिघं मिळूनच जाऊ मग."

तिघं!

आमच्याकडे शिकारीला दोघं-दोघं जातात ते हरणासाठी नाही, कुंपणासाठी. मॉन्टानात डोंगर कितीही मोठा असो, दर थोड्या अंतरावर कुणाची ना कुणाची काटेरी तार आडवी येतेच. तारेशी आलं की टोपी काढायची, लिव्हर खालीवर करत सगळी काडतुसं टोपीत झेलायची, रिकामी झाली की लिव्हर तशीच उघडी लोंबती ठेवायची, आणि रायफल नि टोपी जोडीदाराच्या हातात देऊन मग तारेतून वाकून जायचं. मग त्यानं आपली रिकामी करायची आणि आपण धरायची. तुमची रायफल कोणाच्या हातात जाते त्यावरून खोऱ्याला सगळं कळतं. नवरा-बायकोचं भांडण आधी कुंपणावर कळतं, चर्चमध्ये नंतर.

हाल्वोर गेल्यापासून माझी एल्मरच्या हातात जाते. एवढंच. दुसरं काही नाही त्यात.

२१ ऑक्टोबर

आली ती. निळा रुमाल डोक्याला, पायात कोरे बूट. सेंट पॉल शहराची आहे. शेचाळीस वर्षांची, आणि लग्न झालेलं नाही, म्हणजे कोणासाठी रडायचंही राहिलेलं नाही. दात सगळे स्वतःचे. विचारलं मी.

"मिसेस हाउगेन, तुम्ही वेळ काढलात, फार उपकार झाले."

"वर्ना म्हण. मिसेस हाउगेन माझी सासू होती, आणि तिला बंदुकीचा आवाज आला की ती टेबलाखाली जायची."

हसली. चांगली हसते, मेली.

गोठ्यामागे नेली तिला. म्हटलं, रायफल दे. तिनं दिली तशीच, लिव्हर बंद, नळीचं तोंड माझ्या पोटाकडे. मी हात मागे घेतले. ती देतेय, मी घेत नाही.

"काय झालं?"

"तू मला मारायला आलीस की शिकायला? लिव्हर उघड. नळी रिकामी आहे हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, मग मी हात लावणार. लिव्हर बंद असेल तर कुणाच्याही हातून घ्यायची नाही. पाद्री देत असला तरी नाही."

"तुम्ही देत असलात तरी?"

"मी देत असले तरी."

मग नळीचं तोंड कुठे बघतंय ते झोपेतही कळायला हवं, बोट चापावर नाही, बाजूला, हरिण दिसून ठरेपर्यंत नाहीच. चालताना काडतुसं खालच्या नळीत, म्हणजे आम्ही जिला रायफलीचं पोट म्हणतो तिथे, आणि वरची नळी रिकामी. हरिण समोर आलं, मारायचं ठरलं, तेव्हाच लिव्हर मारायची. मग काडतूस नळीत चढतं आणि मागचा घोडाही पूर्ण ओढला जातो. तिथून पुढे चापाला नुसती फांदी लागली तरी पुरे.

"आणि हरिण पळून गेलं तर?" तिनं विचारलं. प्रश्न बरोबर विचारते, हे मान्य करावं लागेल.

"तर थांबायचं. सगळी काडतुसं टोपीत काढायची, पुन्हा पोटात भरायची, नव्यानं सुरुवात. आळशी लोक अंगठ्यानं घोडा धरून हळूच अर्ध्या खाचेवर, म्हणजे चाप ओढला तरी बार न होणाऱ्या जागी, आणून ठेवतात आणि तसेच हिंडतात. अंगठ्यावर लोकरीचा हातमोजा असतो, घोडा निसटतो, आणि मग शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेला पाव भाजावा लागतो."

"तुम्ही कधी ठेवलाय अर्ध्यावर?"

"कधी कधी. पण तू मी नाहीस."

दहा वेळा करून घेतलं. चुकली नाही. हात कसे आहेत तिचे! बोटं लांब, पांढरी, टपालाची तिकिटं चिकटवायची बोटं. माझे हात मी मागे बांधून उभी होते, थंडीमुळे.

जाताना म्हणाली, "एल्मर तुमच्याबद्दल खूप बोलतात."

माझ्याबद्दल! तो माझ्याशी बोलत नाही, आणि हिच्याशी माझ्याबद्दल बोलतो. मी काय त्याची गाय आहे, की कशी दूध देते ते गावाला सांगावं?

२४ ऑक्टोबर

आज ती काडतुसांचा डबा घेऊन आली, दुकानातून आणलेला. उघडून बघते तर टोकदार. सुईसारखी टोकं. शहराच्या माणसाला वाटतं टोकदार म्हणजे चांगलं.

आमच्या रायफलीच्या पोटात काडतुसं एकामागे एक झोपतात, एकाचं नाक पुढच्याच्या बुडाला. टोकदार नाक पुढच्याच्या बुडावर धक्क्यानं आपटलं तर पोटातल्या पोटात बार. म्हणून आम्हाला चपट्या नाकाचीच लागतात. हे खोऱ्यातल्या पोरांनाही माहीत आहे.

लिहिते खरं ते. ती डबा पुढे धरून हसत उभी होती, "ही बरी आहेत ना?" आणि माझी जीभ हलली नाही. त्याच सकाळी मी एल्मरची गाडी तिच्या दारात बघितली होती. मागे फोडलेली लाकडं भरलेली. माझी लाकडं मी स्वतः फोडते, म्हणून कोणी फोडून देत नाही.

मग जीभ हलली. "परत कर ती," म्हटलं, "आणि दुकानदाराला सांग, वर्ना हाउगेन म्हणाली तुला डोळे आहेत की बटणं." आणि माझ्यातली चपटी दिली तिला.

तिनं मला मिठीच मारली. साबणाचा वास येतो तिला. मला लाकडाच्या धुराचा येत असणार.

२५ ऑक्टोबर

एल्मरची गाडी पुन्हा पोस्टासमोर. बराच वेळ. मी कपडे वाळत घालायला बाहेर आले होते. कपडे जास्त होते आज.

२७ ऑक्टोबर

उद्या शिकार. हाल्वोरची बहीण गुद्रुन आली होती लेफ्से लाटायला. बटाट्याचं पीठ मऊ पडलं होतं, पोळ्या तव्यावर फाटत होत्या, आणि ती बाई माझं डोकं खात होती.

"काय गं वर्ना, उद्या एल्मर कोणाची रायफल धरणार?"

"ज्याला त्याच्या हातात द्यायची असेल त्याची."

"नवीन माणसाची धरावी लागते हो. शिकाऊ ना ती." आणि डोळा मारला. "आणि गोरी."

"गुद्रुन, तुझ्या तोंडात पीठ कोंबीन."

"मी तर म्हणते तू बोलून टाक त्याला. दोन हिवाळे गेले. हाल्वोर काही परत यायचा नाही भांडायला."

"काय बोलू? माझी तार धर म्हणू?"

गुद्रुन इतकी हसली की लाटणं खाली पडलं. हसण्यासारखं काय होतं त्यात? मला एल्मर ब्रेक्केचं काही पडलेलं नाही. मोजे धुवत नाही तो. त्याला पाद्र्याची प्रार्थना पाठ नाही. कॉफी निवळायला तिच्यात अंड्याचं टरफल टाकलं की नाक मुरडतो. एवढं मला ठाऊक आहे, कारण शेजारी राहते, बस.

२८ ऑक्टोबर

रायफल सुटली. एल्मरच्या कानाला लागली. वाचला. झोपते.

३० ऑक्टोबर

लिहून टाकते म्हणजे डोकं मोकळं होईल.

पहाटे निघालो. बर्फ पातळ होतं, पाय वाजत होते. पहिल्या कुंपणाशी आलो तेव्हा मी माझ्या सवयीनं टोपी काढली, लिव्हर मारायला लागले. वर बघते तर एल्मर तिच्यासमोर उभा. तिची काडतुसं तिच्या लाल टोपीत पडतायत आणि तो म्हणतोय, "छान. छान. बघ, कुणी शिकवलंय ते कळतंय." तिचे केस सुटले वाऱ्यावर. मग तिची रायफल याच्या एका हातात, टोपी दुसऱ्या हातात, जसं काही लग्नाच्या वेदीवर उभा आहे.

ती गेली पलीकडे, मग हा, तिनं त्याची धरली. मग मागे वळून मला म्हणतो, "ये वर्ना, दे." उरलेली पोळी कुत्र्याला टाकावी तसं.

"मी एकटीच येते," म्हटलं, आणि रायफल रिकामी करून, तारेखालून सरकवून, आडवी होऊन गेले. कोटाला काटा लागला. फाटला.

दुसऱ्या कुंपणावरही तेच.

मग ओहोळाजवळ, विलोच्या झुडपात, मला नर दिसला. मोठी शिंगं. त्या दोघांना दिसला नाही, ती दोघं गप्पा मारत होती. एल्मर ब्रेक्के गप्पा मारत होता! मी लिव्हर मारली. नेम धरणार तोच तो झुडपात घुसला आणि पुढच्या कुंपणापलीकडच्या घळीत चढला. मी काही बोलले नाही. आम्ही पुढे निघालो.

तिसऱ्या कुंपणावर ती दोघं आधीच पार झाली होती. एल्मरनं आपली काडतुसांनी भरलेली टोपी दगडावर ठेवली आणि दोन्ही रायफली टेकवायला थोडा लांब गेला. डेल्फीन तारेजवळ उभी होती, हात पुढे करून. "द्या ना वर्ना, मी धरते." मी दिली. वरच्या तारेवरून. आणि एवढ्यात एल्मर परत आला तार उचलून धरायला, तिच्या मदतीला, दुसरं काय, आणि पलीकडच्या खांबाशी उभा राहिला. बोडका. चापाला तारेचा काटा लागला की तिचा हातमोजा लागला, देव जाणे. बार झाला.

एल्मर बसला. कानाला हात लावला, हाताकडे बघितलं, आणि म्हणाला, "वर्ना, तू बरी आहेस ना?"

मला विचारलं त्यानं. रक्त त्याचं.

डाव्या कानाच्या वरच्या कडेतून बोटाएवढा तुकडा गेला होता. डेल्फीन बर्फात गुडघ्यांवर पडली. "माझा अंगठा. माझा अंगठा असेल घोड्यावर. मी बंद रायफल घेतली. तुम्ही सांगितलं होतं, घ्यायची नाही. मी घेतली."

मी म्हटलं, "माझा घोडा अर्ध्यावर होता." ते खरं म्हणून सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरलाही तसंच सांगितलं. गुद्रुनलाही. अर्ध्यावर ठेवायचा माझा आळस, पण तेवढाच. तिथून घोडा मागे ओढून सोडल्याशिवाय बार होत नाही. आणि रायफल तिच्या हातात होती.

हे असंच आहे.

२ नोव्हेंबर

खोऱ्याला दुसरा विषय नाही. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना गुद्रुन सगळ्यांसमोर म्हणते, "वर्ना, डाव्या कानाला वरून खाच, ही तुमच्याच गुरांची खूण ना? हाउगेनांची?"

आहेच. हाल्वोरच्या बापापासून आमच्या वासरांच्या डाव्या कानाला वरून खाच असते. सगळ्या बाया टेबलावर हात आपटून हसल्या. "आता तो तुझ्याच कुरणात चरणार. कुणी दावा सांगू शकत नाही." मीही म्हटलं, "थांबा, वसंतात डागही देते." मजा आली. दोन वर्षांत इतकी हसले नव्हते.

मग दाराशी डेल्फीन आली, हातात केक, तिनं भाजलेला. हसणं थांबलं. कोणी सरकलं नाही. तिनं केक ठेवला आणि गेली. तो कोणी कापला नाही.

कुणीतरी म्हणालं, "शहरातली माणसं." मी काही म्हटलं नाही. कोणी मला विचारलंही नव्हतं.

५ नोव्हेंबर

एल्मर आला. डोक्याला पट्टी, तिच्यावर टोपी, म्हणजे टोपी एका बाजूनं वर. मी त्याला हसले. तोही हसला. अंगणातला पंप दुरुस्त केला, न सांगता. मग आत आला. मी हरणाचं काळीज कांद्यात परतलं होतं, गुद्रुननं पाठवलेलं. तीन वेळा वाढून घेतलं त्यानं. स्वयंपाकघरात मीच, तोच, बाकी कोणी नाही. हेच तर हवं होतं. म्हणजे, असं असलं की बरं असतं.

"पोस्टात जातोस का अजून?" मी असंच विचारलं.

"नाही. ती दार उघडत नाही."

"लाज वाटत असेल."

"हं." मग त्यानं भिंतीवरच्या हाल्वोरच्या रायफलीकडे बघितलं, त्या दिवशी मी नेली होती तीच. "बघू?"

त्यानं लिव्हर उघडली, नळीत बघितलं, बंद केली, घोडा अर्ध्यावर आणला, आणि माझी लाकडी थापी घेऊन घोड्याच्या पाठीवर ठोकलं. पुन्हा ठोकलं. "खाचेतून हलत नाही," म्हणाला.

"म्हणजे तिचा अंगठाच. मी म्हटलं ना."

"तिचा अंगठा मुठीखाली होता, वर्ना. मी येत होतो तेव्हा दिसला मला." आवाज चढवला नाही. मला वाटतं तो कधीच चढवत नाही. "हातमोजा लाल होता. बर्फात लाल दिसतं."

मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

काहीतरी बोलेल असं वाटलं. मग म्हणाला, "कॉफी गार झाली," आणि उठला. अर्धा कप तसाच.

कॉफीच गार झाली असेल. दुसरं काय कारण असणार?

८ नोव्हेंबर

गुद्रुन सांगून गेली. डेल्फीननं बदली मागितलीय. रायफल विकायला काढलीय, बापाची. आणि आपल्या हातून एल्मरचा जीव गेला असता म्हणून ती जेवत नाही.

"तुला बरंच झालं," गुद्रुन म्हणाली. चेष्टेनं म्हणाली. पण थांबून माझ्याकडे बघत राहिली.

"हो," म्हटलं मी. "बरंच झालं."

झालंच बरं. जाऊ दे तिला सेंट पॉलला. तिथे दात असलेले पुरुष पुष्कळ असतील.

९ नोव्हेंबर

आज पोस्टात पत्र टाकायला जायचं होतं. गेले नाही.

१० नोव्हेंबर

आजही नाही. रायफल भिंतीवरून काढून कपाटात ठेवली. मग कपाटाकडे तोंड करून बसले.

११ नोव्हेंबर

गेले.

पोस्टामागच्या खोलीत राहते ती. दार उघडलं तेव्हा डोळे सुजलेले. पलंगावर ट्रंक उघडी, आत घड्या घातलेले कपडे, वर तो निळा रुमाल. मला बघून मागे सरकली, जसं मीच तिला गोळी घालणार होते.

"बसा ना, वर्ना."

"नाही बसत."

बसले.

काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. दोन गोष्टी होत्या. सोपी आधी सांगावी असं ठरवलं, आणि जी सोपी वाटली तीच अवघड निघाली. "डेल्फीन, मी तुझ्यावर जळत होते. पहिल्या दिवसापासून. तुझे बूट, तुझे दात, तुझी लाकडं. मला... एल्मर मला आवडतो. झालं. बोलले."

तिनं माझ्याकडे बघितलं. आणि त्या सुजलेल्या डोळ्यांनी हसायला लागली, हात तोंडावर धरून.

"हसतेस काय? मी मरणाच्या लाजेनं सांगतेय."

"वर्ना, हे तर इथे पत्र टाकायला येणारी पोरंसुद्धा जाणतात. तो इथे तासन् तास का बसायचा, काय वाटतं तुम्हाला?"

"मला काय माहीत? मी मोजत नव्हते."

"मला विचारत बसायचा, विधवा बाईला कसं विचारावं. काय बोलावं. त्याला वाटायचं मी शहरातली, मला माहीत असेल. शंभर वेळा घोकून घ्यायचा आणि पुढच्या खेपेला म्हणायचा, जमलं नाही, तिनं भांडं आपटलं. म्हणून तर म्हणाला, तिघं जाऊ शिकारीला. तिसरं माणूस असलं की धीर येतो म्हणाला. तार धरताना बोलून टाकीन म्हणाला."

तार धरायला तो परत आला होता. माझ्यासाठी. बोडका.

आनंद व्हायला हवा होता. आतून तोंड कडू झालं.

"ऐका," तिनं माझा हात घेतला, त्या पांढऱ्या बोटांनी. "तो तुम्हाला मिळू दे. मला खूप आवडेल. फक्त मी इथे नाही राहू शकत. रोज त्याचा कान बघू? माझ्या अंगठ्यानं त्याला मारलं असतं. बाबांनी मला रायफल दिली आणि मी..." ट्रंकेकडे वळली आणि घडी घातलेलाच रुमाल पुन्हा घडी घालू लागली.

मी उठले. दारापर्यंत गेले. कडी हातात धरली. एल्मर मिळाला होता, हिच्याच तोंडून मिळाला होता, आणि ही जाणार होती, आणि खोरं माझ्याच बाजूनं होतं. काही बोलायची गरज नव्हती. गाडी उद्या निघाली की कुणाला कधी कळलं नसतं. एल्मरला माहीत होतं, पण एल्मरला तोंड नाही.

कडी सोडली.

"डेल्फीन, रायफल विकू नकोस."

"वर्ना, नको..."

"गप्प बस आणि ऐक. ओहोळाशी मला नर दिसला होता. तू आधी मारशील म्हणून मी लिव्हर मारली आणि कुणाला सांगितलं नाही. तो घळीत गेला, मला घाई होती. कुंपणाशी मी रायफल रिकामी केली नाही. तुम्हा दोघांसमोर टोपी हातात धरून तिसरी म्हणून उभं राहायचं नव्हतं मला. तू हात पुढे केलास आणि म्हणालीस, 'लिव्हर?' आठवतंय? मी काय म्हणाले?"

ती वळली. चेहरा पांढरा. "तुम्ही म्हणालात, मला शिकवतेस? धर."

"घोडा अर्ध्यावर नव्हता. पूर्ण ओढलेला होता, माझ्या हातानं. तुझा अंगठा त्याला लागलाच नाही. गोळी मी झाडली, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."